पढायचं ते गाडीत बसून
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही बाणकोट खाडीच्या काठावरच्या एका मोहल्ल्यातल्या बचत गटाच्या बाया. गटात आम्ही तेरा जणी. आज माइकपुढे चौघीच बसलोय, पण बोलतोय ते तेराही जणींच्या वतीनं. बोलायची सवय आम्हाला हप्ता गोळा करताना लागली, माइकवर नाही. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

आजचा विषय ठरला तो दवाखान्यात. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीचा नातू तापानं तालुक्याच्या दवाखान्यात होता. शेजारच्या खाटेवर वरच्या वाडीतल्या एका ताईंची मुलगी. रात्री आमची बाई नातवाच्या कपाळावर हात ठेवून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची आणि मग हळूच फुंकर घालायची. ताईंनी दोन रात्री नुसतं पाहिलं. तिसऱ्या रात्री विचारलंच, "चाची, हे काय पुटपुटता तुम्ही? मंत्र आहे का? आमच्या पोरीवर पण घालाल का फुंकर?"

चाची म्हणाली, घालते की. आणि घातली. चार दिवसांनी दोन्ही पोरं घरी गेली. सलाईन दोघांनाही एकाच नर्सबाईंनी लावलं होतं, हेही सांगून ठेवतो. पुढे प्रभागसंघाच्या बैठकीत त्याच ताईंनी विषय काढला. म्हणाल्या, तुमच्यात आजाऱ्यासाठी, परदेशी गेलेल्या माणसासाठी काय म्हणतात, काय करतात, ते एकदा आम्हाला नीट सांगा. आम्ही आपलं लांबून बघतो आणि काहीतरी समजून घेतो. तर हे त्यांच्यासाठी.

आधी शब्द सांगतो. मागणं मागायचं त्याला आम्ही दुआ म्हणतो. कुरआनातलं काही वाचायचं, मनात किंवा तोंडानं, त्याला पढणं म्हणतो. पढून आजाऱ्यावर फुंकर घालायची त्याला दम करणं म्हणतात. नमाज वेगळी. ती दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळी. दुआला वेळ नसते आणि भाषाही नसते. नमाज अरबीत, पण नमाज झाल्यावर हात पसरून बाई जे मागते ते आपल्या बोलीत मागते. आमच्या दाद्या कोकणीत मागायच्या. "या अल्ला, माझ्या झिलाक बरा कर," एवढंच. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, त्यामुळे कित्येक जणींना वाटतं की तेव्हा दुआही मागू नये. तसं काही नाही. आजारी लेकराची आई कुठल्याही दिवशी हात पसरू शकते.

चाची त्या रात्री काय पढत होती? पहिली सूरा फातिहा. कुरआनात ११४ सूरा आहेत, त्यातली ही सर्वांत पहिली, सातच आयतींची. आमच्यातलं लहान मूलही तिनंच सुरुवात करतं. तिला शिफा म्हणजे बरं करणारी असंही नाव आहे. गंमत अशी की तिच्यात आजाराचा, तापाचा, औषधाचा एकही शब्द नाही. सगळ्या जगाच्या मालकाचं कौतुक आहे, त्याच्याकडे मदत मागितलीय आणि सरळ रस्ता दाखव म्हटलंय. मग चाचीनं शेवटच्या दोन सूरा पढल्या, फलक आणि नास. एकीत पहाटेच्या मालकाकडे आसरा मागायचा, अंधारापासून, जादूटोणा करणाऱ्यांपासून, जळणाऱ्याच्या जळण्यापासून. दुसरीत मनात येऊन कुजबुजणाऱ्या वाईटापासून. रात्री आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईच्या मनात काय काय कुजबुजत असतं ते ज्या बसल्यात त्यांना विचारा.

ही रीत कुठून आली? पैगंबर मुहम्मद साहेब रोज झोपताना या सूरा पढून तळहातांवर फुंकर घालायचे आणि हात अंगावरून फिरवायचे. सन ६३२ मध्ये मदिनेत ते शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा त्यांच्या अंगात हे करायचं बळ राहिलं नाही. मग बीबी आयेशा पढायच्या आणि त्यांचाच हात हातात धरून त्यांच्या अंगावरून फिरवायच्या. आपल्या हातापेक्षा त्या हाताला बरकत जास्त म्हणून. ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. कारण ती मशिदीतली नाही, दरबारातली नाही. आजाऱ्याच्या अंथरुणाजवळची आहे आणि ती सांगणारी त्याच घरातली बाई आहे.

घरात कुणी आजारी पडलं की पैगंबर साहेब उजवा हात त्याच्या अंगावर ठेवून मागायचे, की हे दुःख काढून टाक, बरं करणारा तूच, असं बरं कर की मागे काही उरणार नाही. कुणाच्या अंगात कळ येत असेल तर त्यानं स्वतःच तिथं हात ठेवून पढायचं असंही त्यांनी शिकवलंय. म्हणजे मधे कोणी लागत नाही. आणि ताईंनी जे विचारलं, आमच्या पोरीवर घालाल का, त्याचंही उत्तर आहे. पैगंबर साहेबांच्या घरी काम करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्याच्या उशाशी बसले. आजारी माणसाला भेटायला जाताना कोण कुठल्या वाडीतला हे बघायचं नसतं.

आता जे सांगणार आहोत ते सांगावं की नाही यावर गटात दोन बैठका झाल्या. शेवटी त्या पोराच्या आईनंच सांगितलं, सांगा.

पाच वर्षांपूर्वी भातकापणीचे दिवस होते. आमच्यातल्या एकीचा बारा वर्षांचा मुलगा ओटीवर खाली जमिनीवर झोपला होता. रात्री दोनच्या सुमाराला पोटात दुखतंय म्हणून उठला. ओवा दिला, पोट शेकलं. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, शब्द जड यायला लागले. कुणी म्हणालं नजर लागली. गोधडी झटकली तेव्हा तिच्यातून मण्यार निघाली. काळी, अंगावर पांढरे पट्टे. मण्यार चावली तर पुष्कळदा ना सूज येते, ना खूण दिसते, झोपलेल्याला कळतही नाही. आता आम्हाला हे माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

पलीकडच्या गावात विष उतरवणारा एक आमील होता. आम्हीच म्हणालो, तिकडे न्या. आम्हीच, म्हणजे गटातल्या तिघी-चौघी, तिच्या घरी जमलेल्या. नवरा तिचा कुवेतला, घरात म्हातारा सासरा. तो बिचारा काय बोलणार? मोटरसायकलवर मधे पोराला बसवून नेलं. आमीलानं फातिहा पढून पाणी दिलं. पोराला ते गिळता येईना, गालावरून ओघळलं. म्हणाला फजरपर्यंत बसा, उतरेल. आम्ही बसलो. दोन तास.

फजरच्या अजानला तिथल्या मशिदीचे म्हातारे मौलाना निघाले होते. त्यांनी रस्त्यातून पोराची मान पाहिली. आईच्या हातावर एका बाजूला पडलेली. त्यांनी काही विचारलं नाही. ओरडलेच, "गाडी काढा! पढायचं ते गाडीत बसून पढा!" आणि स्वतः शेजारच्याचं दार ठोठावून रिक्षा काढायला लावली. तालुक्याला सर्पदंशाची इंजेक्शनं दिली, तिथून मोठ्या दवाखान्यात नेऊन श्वासाच्या मशीनवर ठेवलं. सहा दिवसांनी पोर बोललं. आज तो आयटीआयला जातो. पण त्याची आई अजून रात्री दोनदा उठून त्याचं अंथरूण चाचपते, आणि त्या दोन तासांबद्दल आम्ही तिच्यापुढे कधी बोललो नव्हतो.

गटाच्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे. कर्ज रुपये ३०००, कारण औषधोपचार. त्यातले अकराशे औषधाला गेले नव्हते. ते कुणाला गेले हे वहीत लिहायची आम्हाला लाज वाटली.

तो आमील काही खोटंनाटं पढत नव्हता. फातिहाच पढत होता. आणि त्याला कुणी टोकलं की तो एक गोष्ट सांगायचा, ती गोष्टही खरी आहे. पैगंबर साहेबांचे काही साथी सफरीवर होते. एका टोळीनं त्यांना पाहुणचार नाकारला. तेवढ्यात त्या टोळीच्या मुखियाला विषारी दंश झाला. साथीदारांपैकी एकानं फातिहा पढून दम केला, मुखिया उठून बसला, त्यांना बकऱ्या मिळाल्या, आणि पैगंबर साहेबांनी त्यांना चूक म्हटलं नाही. बुखारी शरीफमध्ये ही हकीकत आहे. आमील एवढी सांगून थांबायचा. आम्ही पुढे जाऊन विचारलं, मौलानांना विचारलं, आमच्या शिकलेल्या पोरींकडून वाचून घेतलं. वाळवंटात त्या माणसांजवळ जे होतं ते त्यांनी केलं. दारात रिक्षा उभी असताना त्यांनी बकऱ्या मोजल्या असं कुठे लिहिलंय?

आणि त्याच पैगंबर साहेबांनी लोकांना सांगितलंय की इलाज करा, अल्लाहनं आजार दिला तसं त्याचं औषधही दिलंय. त्यांचे साथी साद बिन अबी वक्कास आजारी पडले तेव्हा ते भेटायला गेले, छातीवर हात ठेवला, आणि मग सांगितलं की हारिस बिन कलदाला बोलवा, तो वैद्य आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हे आलंय. खंदकाच्या लढाईत, सन ६२७ मध्ये, दुसरे एक साथी साद बिन मुआज जखमी झाले, तर त्यांना रुफैदा नावाच्या बाईच्या तंबूत ठेवलं. मदिनेच्या मशिदीजवळ तिचा तंबू होता, त्यात ती जखमींची मलमपट्टी करायची. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीनं नर्सिंगला जायचं म्हटल्यावर घरचे अडून बसले होते, तेव्हा आम्ही या रुफैदाबीबीचं नाव घेऊन तिच्या बापाशी भांडलो. ती आता पनवेलला नोकरी करते. जरा विषयांतर झालं, पण सांगितल्यावाचून राहवेना.

तर आता आमच्यात ठरलंय. साप, विंचू, झटका, बाळंतपणातला रक्तस्राव, लहान मुलाचा न उतरणारा ताप, काहीही असो, आधी १०८ ला फोन, नाहीतर मिळेल ती गाडी. साप चावला असेल तर त्या माणसाला चालवायचं नाही, चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. पढायला रस्ता मोकळाच असतो. दवाखाना एक तासावर आहे, एका तासात फातिहा कितीतरी वेळा होते. अतिदक्षता विभागात आत सोडत नाहीत तर बाहेरच्या बाकावर बसून पढतो. जमजमचं पाणी घरात असतं, हजहून आलेल्या कुणीतरी दिलेलं; पण तोंडानं काही देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते पाणीही द्यायचं नाही. बाळावर तोंड जवळ नेऊन फुंकायचं नाही, सर्दी-खोकला असेल तर मुळीच नाही. हात ठेवा, तेवढा पुरतो. आणि दुआचे पैसे घेणाऱ्याला गटातून कर्ज मिळणार नाही. हा ठराव वहीत आहे, सह्यांनिशी.

हे झालं हात पोचतो तिथलं. आमचं अर्धं आयुष्य हात पोचत नाही तिथे जातं.

आमच्या आजोबांच्या पिढीतले पुरुष मुंबईहून जहाजावर जायचे, कुणी आफ्रिकेला गेले. वडिलांच्या पिढीपासून आखात. मोहल्ल्यात पक्की घरं आहेत, त्यांना रंग आहे, आणि आत एक म्हातारी, एक सून आणि दोन पोरं आहेत. आधी पत्र यायचं पंधरा-वीस दिवसांनी. मग कॅसेटवर आवाज भरून पाठवायचे. आम्ही सगळ्या टेपभोवती बसून ऐकायचो आणि परत त्याच कॅसेटवर बोलून पाठवायचो. आता फोनवर तोंड दिसतं. तोंड दिसतं म्हणून काळजी कमी झाली असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, वाढली. डोळ्याखाली काळं दिसलं तरी रात्रभर झोप नाही.

मुलगा निघतो तेव्हा आई दारात कुरआन हातात वर धरते आणि तो त्याखालून वाकून जातो. दंडाला कापडात नाणं बांधतात, त्याला इमाम जामीन म्हणतात. पोचल्यावर ते पैसे गरिबाला द्यायचे. या दोन्ही आपल्याकडच्या रिवाजाच्या गोष्टी, काही मौलाना त्या मानत नाहीत, आणि त्यावर आम्ही भांडत बसत नाही. पण निरोपाची एक दुआ पैगंबर साहेबांनीच शिकवलेली आहे. जाणाऱ्याचं इमान, त्याच्यावर टाकलेला विश्वास आणि त्याच्या कामांचा शेवट अल्लाहकडे ठेव म्हणून सोपवायचा. अमानत. म्हणजे आपण गटात पैसे ठेवतो ना, तशी ठेव. माझं आहे, पण आज माझ्या हातात नाही, आणि ज्याच्याकडे ठेवलंय तो सांभाळील.

कुरआनात हजरत याकूबांची गोष्ट आहे. सूरा यूसुफमध्ये. आधी एक लेक हरवलेला, यूसुफ. मग दुष्काळात धान्य आणायला दुसऱ्या, धाकट्या लेकालाही मिसरला पाठवायची पाळी येते. बापाला धीर होत नाही. शेवटी तो अल्लाहलाच राखणदार म्हणतो आणि सोडतो. पण सोडताना मुलांना हेही सांगतो की शहरात सगळे एका दरवाज्यानं शिरू नका, वेगवेगळ्या दरवाज्यांनी जा. म्हातारा रडून रडून आंधळा झालेला असतो, आणि शेवटी यूसुफचा सदरा तोंडावर टाकल्यावर त्याची नजर परत येते. आमच्यात एक दादी होती. मुलगा सुट्टीवरून परत गेला की त्याचा मळका सदरा ती महिनाभर धुवायला टाकायची नाही. आम्ही हसायचो. ही सूरा मराठीत समजून घेतल्यावर हसू बंद झालं.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीचा मुलगा तिकडे परांचीवरून पडला. फोन आला तो त्याच्या खोलीतल्या दोस्ताचा. "मावशी, घाबरू नका, दवाखान्यात आहे." एवढंच बोलला आणि फोन कटला. अशा वेळी आमच्यात आयते करीमा बसवतात. हजरत यूनुस माशाच्या पोटात अडकले असताना त्यांनी जे म्हटलं ती आयत. सव्वा लाख वेळा पढायची. एका खोलीत पांढरी चादर अंथरतात, मधोमध चिंचोक्यांचा ढीग. प्रत्येकीनं मूठभर घ्यायचे, एकदा पढलं की एक चिंचोका बाजूला. त्या दिवशी शेजारपाजारच्या धरून आम्ही पंचवीस जणी होतो. पंचवीस जणी म्हणजे प्रत्येकीला पाच हजार. आमची सचिव हिशेबात पक्की, तिनं कागदावर रेघा मारून मांडलं. सव्वा लाख हा आकडा काही पैगंबर साहेबांनी दिलेला नाही, एकदा मनापासून म्हटलं तरी चालतं, हे आम्हाला माहीत आहे. पण त्या आईला रात्रभर एकटीला घरात ठेवायचं नसतं. पंचवीस बायांच्या ओठांचा आवाज आणि चिंचोक्यांची टकटक, यात तिचा जीव टिकून राहतो. आणि खरं सांगायचं तर बचत गट आमच्याकडे यायच्या कितीतरी आधी हीच आमची सभा होती. इथेच कळायचं कुणाच्या घरात पीठ नाही, कुणाची सून माहेरी गेली. उठताना चादरीच्या कोपऱ्याखाली प्रत्येकीनं काहीतरी ठेवलेलं असायचं.

अडीच-तीन हजारांवर आलो असू. आमच्यातल्या सगळ्यात लहानीनं चिंचोका हातात तसाच धरून विचारलं, "पण त्याला कुठल्या दवाखान्यात ठेवलंय? कंपनीचं नाव काय?"

कुणालाच माहीत नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही. पासपोर्टची झेरॉक्स नाही, व्हिसाची नाही, विम्याचा कागद कुठे आहे माहीत नाही. आम्ही सव्वा लाखाचा हिशेब मांडला होता आणि पोराच्या खाटेचा नंबर आमच्याकडे नव्हता. मग निम्म्या जणी पढत राहिल्या आणि निम्म्या फोनला लागल्या. पहाटेपर्यंत तीन देशांतल्या आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना उठवलं, तेव्हा दवाखाना सापडला. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता काठीशिवाय चालतो.

त्यानंतर मौलानांनी आम्हाला हजरत मूसांच्या आईची आठवण दिली. सूरा कससमध्ये आहे. फिरऔन मुलगे मारत होता. अल्लाहनं त्या आईच्या मनात घातलं की बाळाला नदीत सोड, घाबरू नकोस, मी तुझ्याकडे परत आणीन. प्रत्यक्ष अल्लाहचा शब्द! तरी तिनं काय केलं? बाळाच्या बहिणीला सांगितलं, काठाकाठानं जा आणि लांबून लक्ष ठेव. ती पोर गेली, बाळ कुणाच्या घरात गेलं ते पाहिलं, आणि तिनंच युक्ती करून दूध पाजायला आईला तिथं पोचवलं. आम्ही खाडीकाठच्या बाया. पाण्यात सोडणं आम्हाला कळतं. काठानं चालणं आम्ही विसरलो होतो.

आता मोहल्ल्यातलं कुणी परदेशी निघालं की गटाच्या पेटीत एक पाकीट ठेवतो. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स, कंपनीचा पत्ता-फोन, तिथल्या दोन ओळखीच्या माणसांचे नंबर, भारतीय दूतावासाचा नंबर, विम्याची प्रत. दहावी न झालेला मुलगा आखातात कामाला निघाला की त्याला सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये मिळतात. हप्ता एजंट भरतो आणि कागद घरी येतच नाही, अशी आमच्याकडची चार पोरं निघाली. तुमच्या वाडीतलं कुणी गेलं असेल तर आज रात्रीच फोन करून कागदाचा फोटो मागवा.

शेवटी २०२० सालची गोष्ट. तोवर आम्हाला वाटायचं, लांब ते आहेत; संकट तिकडे, दुआ इकडून. मार्चमध्ये विमानं बंद झाली. रमजान घरात, ईद घरात. मशिदीला कुलूप. त्यालाही आधार होता. साथ असेल त्या गावात जाऊ नका, आणि तुमच्या गावात असेल तर बाहेर पडू नका, हे पैगंबर साहेबांनीच सांगितलेलं. आम्ही रोज तिकडच्या पोरांसाठी पढत होतो, एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात म्हणून.

आणि ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दोन-तीन तासांत पत्रे, कौलं, माड, पोफळी, आंब्याची झाडं, सगळं आडवं. खांब पडले, वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद. आम्ही जिवंत आहोत एवढं सांगायलाही रेंज नव्हती. पाचव्या दिवशी दोघी-तिघी चालत टेकडीवर गेल्या, तेव्हा एका फोनवर कुवेतची घंटी वाजली. पोरगा बोलेचना. नुसता रडत होता. मग म्हणाला, "अम्मी, आम्ही खोलीतले आठ जण पाच रात्री पढतोय तुमच्यासाठी." त्या आठांतले दोघे आमच्याच बाजूचे हिंदू. ते आपल्या परीनं हात जोडून बसले होते.

उम्मे दर्दा नावाच्या एक बीबी होऊन गेल्या, शाममध्ये राहायच्या. एकदा त्यांचा जावई घरी आला. त्यांनी विचारलं, यंदा हजला जाणार का? तो हो म्हणाला. तर सासूनं जावयाला सांगितलं, मग आमच्यासाठी दुआ कर. आणि पैगंबर साहेबांनी सांगितलेलं ऐकवलं, की माणूस समोर नसताना त्याच्यासाठी मागितलेली दुआ कबूल होते. मागणाऱ्याच्या डोक्याशी एक फरिश्ता उभा असतो, तो आमीन म्हणतो आणि सांगतो की तुलाही तेवढंच मिळो. मुस्लिम शरीफमध्ये आहे. टेकडीवरून उतरताना आमच्यातली एक हिशेब करत होती. आपण त्यांच्यासाठी मागितलं ते फरिश्त्यानं आपल्याला दिलं, त्यांनी आपल्यासाठी मागितलं ते त्यांना. मग म्हणाली, हे आपल्या फिरत्या निधीसारखंच झालं की गं! छप्पर उडालेल्या घरांकडे चालत आम्ही पोट धरून हसलो.

वेळ संपत आली असं बाई काचेतून खुणावतायत. वरच्या वाडीतल्या ताईंना एक सांगायचं राहिलं. तुम्ही परवा निरोप पाठवलात, की तुमच्या जाऊबाईंना मुंबईला ऑपरेशनला नेलंय आणि तुमच्या वाडीतल्या बाया एकत्र बसून नाव घेणार आहेत, मोजायला काही आहे का. आहे. आमच्या चिंचोक्यांचं गाठोडं गटाच्या पेटीत असतं, पासबुकाच्या खाली. उद्या पोराला पाठवा. परत देताना मोजून द्यायची गरज नाही, पण पावसाचे दिवस आहेत, ओले होऊ देऊ नका. मागच्या वर्षी त्यांना कोंब फुटले होते.